आमची वाटचाल : फायबरच्या होडीपासून पॅडल बोर्डच्या बुडापर्यंत

आमचं वर्कशॉप मालवणजवळच्या देवबागच्या रस्त्यावर आहे. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी, मधे माडांची चिंचोळी पट्टी. बाबांनी इथे फायबरच्या होड्या दुरुस्त करायला सुरुवात केली आणि आजही घर मुख्यतः त्याच कामावर चालतं. स्टँड-अप पॅडल बोर्ड, म्हणजे उभं राहून वल्हवायची फळी, आमच्याकडे पहिल्यांदा आला तोही दुरुस्तीलाच. खडकावर आपटून बुडाला भोक पडलेलं, आत पाणी शिरून जड झालेला. कापून बघितला तर आत थर्माकोल, वर इंचाच्या अंशाएवढी फायबरची साल. असा बोर्ड आपण का करू नये, हे त्या दिवशी डोक्यात शिरलं ते शिरलंच.

पहिला बोर्ड डोळ्यांदेखत गेला. होडीला लावतो तेच पॉलिस्टर रेझिन हार्डनर घालून थर्माकोलवर अंथरलेल्या फायबरच्या मॅटवर ओतलं. ब्रश फिरतोय तोवर मॅट खाली बसायला लागली. आधी बोटाएवढा खळगा, मग करवंटीएवढा, आणि बघता बघता मधला सगळा भाग खचला. पॉलिस्टर रेझिनमधलं स्टायरीन थर्माकोल विरघळवतं. होडीत थर्माकोलशी कधी गाठच पडली नव्हती, त्यामुळे इतकी वर्षं रेझिनमध्ये हात घालूनही आम्हाला हे माहीत नव्हतं. मग इपॉक्सीवर आलो. ते महाग, शिवाय पावसाळी हवेत त्यावर चिकट पांढुरका थर येतो आणि पुढचा थर नीट धरत नाही. म्हणून पावसात आम्ही फक्त आकार देतो, कापड चढवण्याचं काम ऑक्टोबरनंतर.

पण माल टिकाऊ झाला म्हणजे बोर्ड झाला असं नाही. खरं शिक्षण बुडाने दिलं.

सर्फबोर्डच्या बुडाला नाकापासून शेपटीपर्यंत जो उथळ पन्हळ असतो, तो कॉन्केव्ह. लाटेवरून बोर्ड सुसाट सुटला की बुडाखालचं पाणी कडांकडून निसटू शकत नाही, त्या पन्हळीत दाबलं जातं आणि बोर्डला वर उचलतं. शिवाय मधल्या रेषेवरचा बाक कमी होतो, त्यानेही वेग मिळतो. आम्ही तो जसाच्या तसा ३२ इंच रुंद पॅडल बोर्डवर उतरवला. सकाळी मतलई वाऱ्यात कर्लीचं पाणी आरशासारखं होतं, तेव्हा काही कळलं नाही. दुपारी खारा वारा सुटला, पाण्यावर बारीक लाटा उठल्या आणि बोर्डचं नाक फटफट आपटायला लागलं. प्रत्येक आपटण्याला वेग मोडायचा, उभा माणूस डुचमळायचा.

कारण साधं होतं, फक्त आम्हाला उशिरा दिसलं. तो पन्हळ १८ ते २० इंच रुंदीच्या, लाटेवर धावणाऱ्या बोर्डसाठी आहे. वल्हं मारत जाणारा माणूस तासाला ५-६ किलोमीटरने जातो. एवढ्या वेगात बोर्ड पाण्यावर चढत नाही, पाणी बाजूला सारतच जातो. अशा चालीत त्याच्या वेगाची मर्यादा लांबी ठरवते. पाण्यातल्या लांबीच्या, फुटांत, वर्गमुळाला १.३४ने गुणलं की साधारण नॉट मिळतात. साडेबारा फुटांना सुमारे पावणेपाच नॉट, म्हणजे तासाला पावणेनऊ किलोमीटर. बारीक अंगाचा बोर्ड त्याच्या थोडा पुढे जातो, पण दमवतो.

बाबांनी बोर्ड उलटा घातला, हात फिरवला आणि एवढंच विचारलं, "ह्येका पठाण खंय आसा?" त्यांना कणा दिसत नव्हता. होडीची नाळ पाणी फाडते, पोट ते दोन्हीकडे सोडतं. नदीसाठी केलेल्या पुढच्या साडेबारा फुटी बोर्डला आम्ही तसंच नाक दिलं: पुढे धारदार, खाली गोल पोट, मधल्या भागात सपाट. आपटणं थांबलं. चार वल्ह्यांत बाजू बदलावी लागायची तिथे आता आठ-नऊ वल्ही एकाच बाजूने मारता येऊ लागली.

मग एकाने तोच बोर्ड मुखाशी, संगमावर फुटणाऱ्या लाटांत नेला. बोर्ड लाटेवरून खाली आला, नाक तिरकं पाण्यात गेलं आणि तिथेच अडकून वळलं, माणूस पुढे फेकला गेला. पाणी फाडायला केलेली धार वेगात आपली वाट स्वतःच ठरवते. गोल पोटाला पाणी चिकटतं आणि बोर्ड खाली ओढला जातो. सुदैवाने खाली वाळू होती. त्यानंतर बोर्ड कुठल्या पाण्यासाठी आहे, हे गिऱ्हाइकाकडून नीट ऐकून घेतल्याशिवाय आम्ही थर्माकोल कापायची तार तापवत नाही.

बहुतेकांना मात्र एकच बोर्ड हवा असतो, नदीलाही आणि समुद्रालाही. या मागणीत चूक काही नाही, सुट्टीवर येणारा माणूस दोन बोर्ड कुठे ठेवणार? त्यासाठी दहा-साडेदहा फुटांच्या बोर्डचं बूड आम्ही तुकड्यातुकड्याने बांधतो. नाकाखाली हलकीशी गोलाई, म्हणजे आपटत नाही. उभं राहण्याच्या जागी सपाट, म्हणजे नवख्याला पाय रोवता येतात. मागच्या पायाखाली दोन उथळ कॉन्केव्ह, जास्तीत जास्त पाव इंच, आणि त्यांच्यामधून फिनकडे, म्हणजे शेपटीखालच्या पात्याकडे, उतरणारा व्हीच्या आकाराचा उंचवटा. रुंद बोर्ड कडेवर कलवणं अवघड असतं, व्हीमुळे तो सहज कलतो. व्ही जास्त झाला की पाणी बाजूने सांडतं आणि उचल जाते. इथे हात आवरावा लागतो. दोन्ही भिंतींवर बोर्डच्या उंचीला आडव्या ट्यूबलाइट लावल्या आहेत, बाकीचे दिवे बंद करून सावली बघतो. पट्टीला न सापडणारा उंचवटा सावलीत दिसतो.

हवा भरायच्या बोर्डांबद्दल लोक विचारतात. आत हजारो सारख्या लांबीचे दोरे दोन्ही पापुद्रे बांधून ठेवतात, म्हणून त्यांचं बूड सपाटच राहतं, आकार देता येत नाही. पण शिकवणीच्या बॅचसाठी, खडकाळ किनाऱ्यासाठी मी स्वतः तेच घ्यायला सांगतो. १५ पीएसआय दाबाने हवा भरली की चांगले ताठ राहतात, आणि कुणाच्या डोक्याला लागले तरी जखम कमी. आमचं गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

सध्या घोडीवर एक साडेनऊ फुटी ब्लँक, म्हणजे कापड न चढवलेला थर्माकोलचा बोर्ड आहे, शेपटीकडे चार उभे चॅनेल, म्हणजे चर कोरलेला. वाटतं, तिरकं जाताना पकड वाढेल. तीन चॅनेल घासून झाले, चौथ्यात सँडपेपर नीट जात नाही म्हणून बाबांनी सागाची एक पट्टी त्याच मापाची रंधून दिली आहे. पाऊस थांबला की कापड चढवू.