तुम्ही विचारलंत म्हणून: पुस्तकं असताना बायकांकडे कशाला?

"ओव्यांची एवढी पुस्तकं निघाली, तरी तुम्ही म्हाताऱ्या बायकांपुढे वही घेऊन का बसता?" हे इतक्यांदा ऐकलंय की आता एकदाच सांगते.

पुस्तकांवर माझा राग नाही. दळण गिरणीत गेलं तशी पहाटेची ओवीही थांबली. साने गुरुजींनी ओव्या जमवल्या नसत्या, हेमा राईरकर, गी पॉइटवां आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव फिरून लाखावर ओव्या नोंदवल्या नसत्या, तर आज काय हाती असतं? महाराष्ट्रातल्या बायका बाराव्या शतकातही कांडताना ओवी गात, हे आपल्याला 1129 च्या सुमाराच्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथामुळे कळतं.

पण माझ्या आत्याचं ऐका. ती गायची, मी उतरवून घ्यायची. तिच्या प्रत्येक ओळीमागे 'सांगते बाई तुला' यायचं. मला ती भरती वाटली, मी गाळली. एकच चरण दोनदा आला की एक खोडला. वही स्वच्छ झाली आणि मी मोठ्या हौसेनं तिला वाचून दाखवली. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "ह्यात दम कुठं घ्यायचा गं?" जात्याला दोघी असतात. एकीचं 'सांगते बाई तुला' होईस्तोवर दुसरीला पुढचं सुचतं. ती जागाच मी कापली होती. वर तिला म्हणाले, "अर्थ तर तोच आहे ना!"

त्यानंतर ती माझ्यासमोर गायली नाही. आग्रह केला की म्हणायची, "आता तुझ्या वहीत हाय की." दोन वर्षांनी गेली. तिची चाल मी कधी लिहिलीच नव्हती. येतच नव्हतं मला ते.

तेव्हाची मी अजून भांडते: निदान शब्द तरी राहिले ना? राहिले, खरंय. म्हणून ती वही मी फेकलेली नाही.

गेल्या महिन्यात आत्याच्या धाकट्या जावेकडे गेले. दोघींनी एकाच जात्यावर दळलेलं. शब्द तिला आठवेनात. मी वहीतली पहिली ओळ वाचली, तशी ती गायलाच लागली, आणि 'सांगते बाई तुला' जागच्या जागी आलं. मी 'भाऊ' लिहिलंय तिथं ती मात्र 'लेक' म्हणाली. चूक तिची, माझी की आत्याचीच दोन रूपं? दोन्ही लिहून ठेवलीत.

तिसऱ्या ओवीचा शेवट तिला आठवत नाही; तो माझ्या वहीत आहे. चाल तिच्याकडे आहे. पुढच्या आठवड्यात पुन्हा जाणार आहे.