चांदरच्या खुर्च्या, खालून

बाबांना घेऊन जुनं घर बघायला जायचं म्हणजे वेळ हाताशी ठेवूनच जावं लागतं. जन्म रंधा-पटाशीत गेलेला माणूस. खुर्ची दिसली की आधी वाकून बैठकीखालची चौकट बघणार, मग पाय, आणि कोरीवकाम सगळ्यात शेवटी.

गोव्याच्या सासष्टी तालुक्यातलं चांदर म्हणजे कदंब राजांची जुनी राजधानी चंद्रपूर. मडगावहून बसने गेलो. मेनेझिस ब्रागांझांचं लांबलचक घर एकाच कुळाच्या दोन शाखांनी वाटून घेतलंय. पश्चिमेच्या भागात लुईस दि मेनेझिस ब्रागांझांचं (१८७८–१९३८) ग्रंथालय आहे. पोर्तुगालच्या वसाहत कायद्याला १९३० साली विरोध करणारे पत्रकार ते हेच. मला तिथे रेंगाळायचं होतं, पण बाबा पूर्वेच्या नाचाच्या दालनात पोचलेसुद्धा.

तिथे उंच पाठीच्या दोन खुर्च्या आहेत, पोर्तुगालचा राजा दों लुईस याने दिलेल्या. माहिती सांगणाऱ्या बाईंनी ते अभिमानाने सांगितलं. बाबांनी मान डोलावली आणि विचारलं, "आणि इथल्या बाकीच्या कोणी केल्या?"

"गोव्याचेच मेस्त असणार," बाई हसून म्हणाल्या. बाबा खूश.

नक्षीकाम युरोपचं, शिसव इथलं आणि हात आमच्या च्यारी कारागिरांचे. देवळाच्या मखरावर वेल कोरणारेच चर्चची वेदीही कोरत. पण बाबा अडले ते वेताच्या बैठकीपाशी. चौकटीला ओळीने भोकं पाडायची, त्यांतून भिजवलेला वेत आधी उभा, मग आडवा, मग दोन्ही बाजूंनी तिरका ओवायचा. मधे बारीक आठकोनी जाळी उमटते. वेत सुकला की ताठ बसतो. खालून वारा खेळतो, आणि आपल्या पावसाळ्यात गादीसारखी बुरशीही धरत नाही. "डोकं आहे यात," बाबा म्हणाले. एरवी दुसऱ्याच्या कामाचं कौतुक त्यांच्या तोंडून निघत नाही. मला विचाराल तर काही खुर्च्यांवर पॉलिशचा थर जरा जास्तच चढलाय. लाकडाच्या रेषा बुजतात.

परतताना मी विचारलं, एखादी मिळाली तर कुठली न्याल? राजाची नको म्हणाले, पाठीला टोचेल. त्यांना हवी लांब हातांची आरामखुर्ची, जेवून पाय वर टाकायला. तशी एक त्यांनी फोंड्याच्या एका डॉक्टरांना करून दिली होती. मजुरी अजून यायची आहे.