तुम्ही विचारलंत म्हणून: जाड आणि गोल टोकांचा मोनोस्पेस कशाला?

अक्षरं आखणं हा माझा व्यवसाय असल्यामुळे विद्यार्थी, छापखानेवाले, ॲप बनवणारी मंडळी असा प्रत्येकजण कधी ना कधी हे विचारतोच: मोनोस्पेस, म्हणजे सगळ्या अक्षरांना एकच रुंदी देणारा फॉन्ट, हा तर कोड लिहिणाऱ्यांचा. मग तो बोल्ड कशाला, त्याची टोकं गोल कशाला, आणि असलं अक्षर वापरायचं कुठे?

माझं उत्तर असं: जिथे माणूस शब्द वाचत नाही, एकेक अक्षर बघून उतरवून घेतो, तिथे. बँकेचा आयएफएससी कोड घ्या. अकरा अक्षरं, पहिली चार बँकेची, पाचवं कायम शून्य. ते शून्य हमखास इंग्रजी ‘ओ’ म्हणून टाइप होतं. चांगल्या मोनोस्पेसमध्ये शून्याच्या पोटात तिरपी रेघ किंवा ठिपका असतो, म्हणून तिथे घोटाळा होत नाही. पासपोर्टच्या तळाशी चव्वेचाळीस-चव्वेचाळीस अक्षरांच्या दोन ओळी असतात, त्या ओसीआर-बी या मोनोस्पेसमध्ये. आद्रियां फ्रुटिगर या स्विस अक्षररचनाकाराने तो १९६८ साली केला, यंत्राला वाचता यावा आणि माणसालाही.

आता जाडीबद्दल. एरवी अक्षर बोल्ड केलं की ते थोडं रुंदही करता येतं. मोनोस्पेसमध्ये ती सोय नाही. हजार युनिटांच्या उंचीला सहाशेची रुंदी ठरली की पातळ असो वा जाड, तेवढ्यातच बसायचं. वापरणाऱ्याला याचा मोठा फायदा, कारण मधला एक आकडा बोल्ड केला तरी खालचा रकाना हलत नाही. आखणाऱ्याचा मात्र घाम निघतो. इंग्रजी ‘डब्ल्यू’मध्ये चार तिरप्या रेघा येतात, चारही जाड ठेवल्या तर नुसता काळा ठोकळा दिसेल. म्हणून आतल्या दोन रेघा बारीक करायच्या, मधलं टोक अर्ध्यावरच थांबवायचं, आणि रेघा जुळतात तिथे आतून थोडं कोरून पांढरं आत घ्यायचं. छोट्या ‘आय’चा त्रास उलटा. त्याच्या दोन्ही बाजू रिकाम्या पडतात, म्हणून त्याला खाली रुंद पाय द्यावा लागतो.

गोलाई ही सजावट नाही, हे मला आवर्जून सांगायचंय. एवढ्या दाटीत चौकोनी टोकं एकमेकांच्या अंगावर येतात. ती गोल केली की प्रत्येक टोकाशी थोडा काळेपणा कमी होतो आणि दोन अक्षरांमध्ये हवा खेळते. फक्त गोल टोक डोळ्याला आखूड भासतं, म्हणून रेघ किंचित लांब ठेवायची. आणि कंपासने काढावं तसं अचूक अर्धवर्तुळ सरळ दांड्याला चिकटवलं, तर सांध्यावर फुगवटा दिसतो. वळण थोडं आधीपासून, हळूहळू सुरू व्हायला हवं.

यानंतरचा प्रश्न ठरलेला: मराठीत करा ना! एका रुंदीतली मराठी टाइपरायटरवर पूर्वीच होऊन गेली आहे. टाइपरायटरचा गाडा दर कळीला सारखाच सरकतो. मराठी टाइपरायटरवर मग युक्ती केली होती: कितीतरी अक्षरं अर्धी टाइप करून त्यांना काना जोडायचा, आणि वर-खाली लागणाऱ्या काही चिन्हांच्या कळा दाबल्या की गाडा जागचा हलायचाच नाही. मुंबईच्या फोर्टात कोर्टाबाहेर बसणाऱ्या टंकलेखकांच्या कागदांवर ही अक्षरं मी पुष्कळ पाहिली आहेत. काम चोख, पण ‘र’ फाकलेला आणि ‘क्ष’ आक्रसलेला. मला ते पटत नाही. एक ठरलेली रुंदी म्हणजे एक घर धरलं, तर ‘र’ला एक घर आणि ‘क्ष’ला दोन घरं द्यावीत.

शिरोरेषेचं दुखणं आणखी वेगळं. तिची टोकं गोल केली की दोन अक्षरांच्या सांध्यावर खाच पडते. म्हणून प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजाऱ्याच्या हद्दीत गोलाई बुडेपर्यंत घुसवायची. मग गोल टोक फक्त शब्दाच्या सुरुवातीला आणि शेवटाला उरतं. पण ‘ध’ आणि ‘भ’ यांच्या डोक्यावर जी फट असते, तिथे हीच गोलाई कामाला येते. बोल्डमध्ये ती फट बुजत जाते आणि ‘धडा’चा ‘घडा’, ‘भात’चा ‘मात’ होतो. फटीच्या दोन्ही कडा गोल असल्या की ती लांबूनही उघडी दिसते. मुंबईच्याच ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा ‘बालू’ हा फॉन्ट जाड आणि गोलसर आहे, मोनोस्पेस नाही; जाडी आणि गोलाई देवनागरीत कशी मुरते हे ज्यांना बघायचंय त्यांनी तो मोठा करून न्याहाळावा.

मराठी आकडे मात्र एका रुंदीत छान बसतात. बेस्टच्या बसवर पुढे मार्गाचा क्रमांक मराठीत असतो. धावत्या गर्दीतून तो ओळखायचा तर १ आणि ९ यांच्यात गोंधळ होऊन चालत नाही, आणि तिथे जाड अक्षर हवंच. टोकन, सामानावरची लेबलं, कपाटांचे नंबर, पोस्टरवरची एखादी ओळ, इथेही ते शोभतं. लेखाचा मजकूर त्यात लावू नका, वाचणारा दुसऱ्या परिच्छेदात थकेल. दुकानातल्या थर्मल बिलावरही नको: त्या प्रिंटरला मिलिमीटरमागे साधारण आठच ठिपके मिळतात, बारीक अक्षराची गोलाई त्यात उरतच नाही.

फॉन्ट निवडायचा असेल तर नमुन्यातली सुंदर वाक्यं बघू नका. शून्य आणि ओ, एक, छोटा एल आणि मोठा आय, आठ आणि बी, मग धडा-घडा, भात-मात, १ आणि ९ एवढं टाइप करा. ज्या मापात वापरणार त्याच मापात छापा, आणि ज्याला मजकूर माहीत नाही अशा कुणाला तरी ते मोठ्याने वाचायला सांगा.