आधी गार करा, मग गाडी काढा

दर जूनमध्ये फोनवर आत्याचा प्रश्न ठरलेला असतो, "तिकडे बर्फ पडतोय का गं?" आणि दर वेळी मी सांगते, "आत्या, आज इथे 45 आहे." तिला ते पटत नाही. अमेरिका म्हणजे बर्फ, हे आपल्याकडे डोक्यात पक्कं बसलंय. मी राहते ते फिनिक्स वाळवंटातलं शहर आहे. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात वाढलेल्या मला इथला पहिला उन्हाळा फारसा परका वाटलाच नाही. उन्हानं पांढरं पडलेलं तेच आभाळ, दुपारी ओस पडलेल्या त्याच गल्ल्या, तोंडावर येणारा तोच कोरडा झोत. इथल्या जुन्या घरांच्या छपरांवर तर आपल्यासारखे पाण्याचे कूलरही दिसतात.

तरी ग्वाल्हेरमध्ये एवढी वर्षं काढून उन्हाबद्दल मला जे कळलं नव्हतं, ते इथे कळलं. आणि ते उपयोगी पडलं ग्वाल्हेरमध्येच, गेल्या मे महिन्यात. म्हणून आज हे तिथल्या आपल्या माणसांसाठी लिहितेय. जरा लांबेल, पण शेवटपर्यंत वाचा.

दादाच्या मुलाची मुंज होती. कार्यालय जुनं, मधोमध दगडी फरशीचं मोठं अंगण, वर कापडी मांडव. मुहूर्त सकाळचा, पण भिक्षावळ आणि पंगती उरकता उरकता दोन वाजून गेले. काका 74 वर्षांचे, ब्लड प्रेशरची गोळी चालू. सकाळपासून ते दारात उभं राहून प्रत्येकाला "या, या" करत होते. दिवसभरात त्यांनी जेमतेम दोन घोट पाणी घेतलं होतं. कारण त्यांनी नंतर सांगितलं: बाथरूम जिना उतरून पार मागच्या बाजूला, गुडघे दुखतात, मग पाणीच नको. आपल्याकडच्या किती आज्या, काकू, आत्या कार्यात अगदी हेच करतात, आठवून बघा.

मला पहिल्यांदा खटकली ती त्यांची बोटं. झब्ब्याचं वरचं बटण लावलेलंच होतं आणि काका ते पुन्हा पुन्हा लावत होते. मी विचारलं, "काका, पाणी आणू का?" तर माझ्याकडे बघून म्हणाले, "बीनाची गाडी गेली का?" काकांची उभी नोकरी रेल्वेतली. आसपासच्यांना वाटलं, थट्टा करताहेत. पुढच्या मिनिटाला त्यांचे पाय वाकले आणि ते फरशीवर बसते झाले, मग आडवेच.

त्यानंतर जे झालं ते सगळं प्रेमापोटीच झालं. कुणी कांदा फोडून नाकाशी धरला. कुणी साखरपाण्याचा चमचा ओठांशी नेला. वीस-पंचवीस माणसांचं कोंडाळं झालं. दादा गाडीची किल्ली घेऊन धावला आणि दोघांनी काकांना खांद्यांना धरून उचलायला घेतलं. मी अक्षरशः ओरडले, "दादा, गाडी नको! आधी गार करायचं!"

इथे आम्ही काही मराठी कुटुंबांनी मिळून प्राथमिक उपचारांचा वर्ग केला होता. शिकवणाऱ्या बाईंनी एक वाक्य आमच्याकडून पाठ करून घेतलं होतं: आधी गार करा, मग हलवा. उष्माघातात शरीराच्या आतलं तापमान 40 च्या वर जातं आणि मेंदू, मूत्रपिंडं, यकृत यांना इजा व्हायला लागते. किती इजा होणार, हे अंग किती वेळ तापलेलं राहिलं यावर ठरतं. पहिल्या अर्ध्या तासात ताप उतरवला तर माणूस वाचण्याची शक्यता खूप वाढते. आता दुपारी अडीचला तापलेल्या गाडीत काकांना घालून महाराज बाड्याच्या गर्दीतून निघालो असतो, तर तो अर्धा तास रस्त्यातच गेला असता.

म्हणून त्यांना तिथेच सावलीत सरकवलं आणि खाली सतरंजी घातली, कारण ती फरशी तळहात टेकवत नव्हता इतकी भाजत होती. झब्बा काढला. वहिनीला 108 लावायला सांगितलं. कोठीतलं पाणी तांब्या-तांब्यानं अंगावर, डोक्यावर ओतायला लागलो. उपरणं भिजवून छातीवर टाकलं, ते गरम झालं की परत भिजवायचं. कोपऱ्यातला कूलर ओढून तोंड त्यांच्याकडे केलं. मठ्ठ्याच्या टेबलाजवळच्या पोऱ्याला म्हटलं, "भैया, जितनी बर्फ है, सब ले आओ." तो बर्फ नॅपकिनांत बांधून काखांत, मानेच्या दोन्ही बाजूंना आणि जांघांत ठेवला. तिथे मोठ्या रक्तवाहिन्या कातडीच्या जवळून जातात.

आत्या रडत ओरडत होती, "एकदम गार पाणी घालू नका, झटका येईल!" ही भीती आपल्याकडे घरोघरी आहे. पण उष्माघातात जीव जातो तो ताप उतरायला उशीर झाल्यानं. फिनिक्सच्या अग्निशमन दलाची माणसं 2024 पासून अशा रुग्णाला बर्फ-पाणी भरलेल्या मोठ्या पिशवीत घालून गार करत करतच दवाखान्यात नेतात. आपल्याकडे पिशवी नाही, पण पाणी, तांब्या आणि कूलर कुठल्याही कार्यालयात असतोच.

दहा-बारा मिनिटांनी काकांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "अगं, थंडी वाजतेय." ते तीन शब्द मी जन्मात विसरणार नाही. थोड्या वेळानं 108 ची गाडी आली, दवाखान्यात दोन दिवस राहिले, किडनीच्या तपासण्या झाल्या. आता ठणठणीत आहेत.

त्या दोन दिवसांत घरातल्या प्रत्येकानं मला खोदून खोदून विचारलं, तेच इथे सांगते. सगळ्यात मोठी खूण माणसाचं बोलणं. चक्कर, डोकेदुखी, मळमळ, पोटऱ्यांत गोळे, भरपूर घाम आणि डोकं ताळ्यावर, तर ते उन्हानं आलेलं गळाठणं आहे. सावली, ओला पंचा, हळूहळू पाणी, आराम, एवढ्यानं बहुतेक वेळा उतार पडतो. पण माणूस असंबद्ध बोलायला लागला, तोल जाऊ लागला, झापड आली, फिट आली, तर तो उष्माघात समजायचा आणि लगेच पाणी ओतायला घ्यायचं. "अंग कोरडं पडलं नाही, म्हणजे उष्माघात नाही" असं म्हणत बसू नका. काकांची बनियन घामानं ओली होती.

शुद्धीवर नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी, साखर, पन्हं, काहीही घालायचं नाही. ते श्वासनलिकेत जातं. त्याला कुशीवर वळवून ठेवायचं. तापाची गोळीही देऊ नये. ती जंतूंमुळे आलेल्या तापावर चालते, उन्हानं चढलेल्या या तापावर नाही. कांद्याबद्दल मला भांडायचं नाही, आजी आमच्या खिशात घालायचीच. पण माणूस पडल्यावर कांदा शोधण्यात जातो तो वेळ पाण्याचा आहे.

ओल्या पंच्याचं काम कसं चालतं हे आपल्याला माठावरून लगेच कळेल. माठाला घाम येतो, तो वाऱ्यानं सुकतो आणि सुकताना आतल्या पाण्यातली उष्णता घेऊन जातो. आपल्या अंगाचंही तेच. पावसाळ्यात माठातलं पाणी नीट गार होत नाही, कारण हवा आधीच ओली असते. त्याच कारणानं जूनच्या अखेरीस, ढग येऊन पाऊस न पडलेल्या दिवसांत, पारा खाली दिसला तरी जीव जास्त घाबरा होतो आणि कूलरही काम देत नाही. उलट मेमध्ये 43-44 च्या कोरड्या हवेत नुसता पंखा म्हणजे कोरड्या अंगावर भट्टीची हवा. पंख्याखाली बसवायचं तर आधी अंग ओलं करा. आणि फक्त 45-47 च्या बातम्यांकडे बघू नका. मैदानी भागात 45 ला उष्णतेची लाट आणि 47 ला तीव्र लाट मानतात. काका पडले त्या दिवशी 43 होतं.

मुलांच्या बाबतीत एकच सांगते: उभ्या गाडीत मूल ठेवून पाच मिनिटंही जाऊ नका, काच खाली असली तरी. मूल मोठ्यांपेक्षा कितीतरी लवकर तापतं. आणि ओआरएसचं पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच कालवा. एक लिटरचं पाकीट पेल्यात अर्धं-अर्धं कालवणं चूक आहे. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट 6 चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा.

माझा मुलगा या वेळी ग्वाल्हेरला आल्यावर पहिल्या चार दिवसांत दोनदा गळाठला. मला वाटलं, हा तर फिनिक्सचा, उन्हात वाढलेला. पण तो वाढला एसीच्या घरातून एसीच्या गाडीत. अंगाला उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. पुण्या-बंगळुरूहून किंवा परदेशातून मेमध्ये घरी येणाऱ्या लेकी-नातवंडांना पहिल्या आठवड्यात दुपारी किल्ला दाखवायला नेऊ नका, सकाळी लवकर न्या.

आता मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ते. 2023 मध्ये फिनिक्समध्ये सलग 31 दिवस कमाल तापमान 43 च्या खाली आलं नाही. त्या वर्षी फिनिक्स ज्यात येतं त्या मॅरिकोपा काउंटीत उन्हाशी संबंधित 645 मृत्यू नोंदले गेले. इतकं श्रीमंत शहर, घरोघर एसी! पुष्कळ माणसं रस्त्यावर राहणारी होती. पण घरातच गेलेल्यांपैकी बहुतेकांकडे एसी होता आणि तो बंद होता, बिघडलेला किंवा बिलाच्या भीतीनं न लावलेला. त्यात एकटी राहणारी म्हातारी माणसं होती. हे वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे फिनिक्स आलंच नाही, लष्करातले आपले वाडे आले. मुलं पुण्याला, सिंगापूरला, माझ्यासारखी इकडे. वरच्या मजल्यावर दोघं, नाही तर एकच. दुपारी वीज गेली की कूलर बंद, आणि "कशाला कुणाला त्रास द्यायचा" म्हणून फोनही करायचा नाही. वय झालं की तहान कमी लागते, त्यात ब्लड प्रेशरच्या काही गोळ्या, लघवी होण्याची गोळी, झोपेच्या काही गोळ्या शरीराची गार होण्याची ताकद कमी करतात. गोळ्या मनानं बंद करू नका, पण एप्रिलमध्येच डॉक्टरांना विचारून ठेवा.

आईबाबांसाठी आम्ही यंदा असं ठरवलं. माझे रात्रीचे साडेनऊ म्हणजे तिकडे सकाळचे दहा, तेव्हा मी फोन करते. "बरे आहात ना?" असं विचारत नाही, कारण उत्तर "बरे आहोत" असंच येतं. विचारते, आज तांब्या कितीदा भरला, काल रात्री झोप लागली का, कूलरला पाणी कुणी घातलं. आणि त्यांना मोठं वाक्य बोलू देते, म्हणजे बोलणं ताळ्यावर आहे हे कळतं. पण तिथे दुपारचे तीन वाजतात तेव्हा माझ्याकडे रात्रीचे अडीच असतात, मी झोपेत. त्या वेळेला खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांचा मुलगा वर जातो. आईनं पन्ह्याचा पेला भरून ठेवलेला असतो, तो पितो, बाबांशी क्रिकेटवर दहा मिनिटं बोलतो आणि निघताना मला एक फोटो पाठवतो. सकाळी उठून चहाच्या आधी मी तो बघते: बाबा खुर्चीत, खांद्यावर ओला पंचा, मागे कूलर चालू.