लाकडाची दगडी हवेली
आज व्हर्जिनियात अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांचं घर, माउंट व्हर्नन पाहिलं. लांबून भिंती दगडी वाटतात, जवळ गेलं तर चक्क लाकूड! फळ्यांच्या कडा तासून चिऱ्यांसारखे सांधे काढलेत आणि ओल्या रंगावर वाळू मारलीय. नीट पाहिलं तर कण दिसतात. हौस बघा! १७३४ चं छोटं घर साहेब वाढवत गेले, त्यामुळे पुढच्या खिडक्या एका मापात नाहीत. मला तर तेच आवडलं. पोटोमॅक नदीकडचा दुमजली उंचीचा व्हरांडा तर काय सांगावा. आत फ्रेंच राज्यक्रांतीत लोकांनी काबीज केलेल्या पॅरिसच्या बॅस्टिल तुरुंगाची किल्ली टांगलीय, वॉशिंग्टनचा फ्रेंच सेनानी मित्र लाफायेतने पाठवलेली, स्वातंत्र्याची खूण म्हणून. आणि १७९९ साली याच इस्टेटीवर ३१७ गुलाम होते! ग्रीनहाऊसला लागून त्यांच्या खोल्या पुन्हा बांधल्यात. कुणी गेलात तर घर पाहून थेट गेटकडे वळू नका.