आमची वाटचाल : बरणीतल्या ठिपक्यांचा व्यवसाय

कोपेपॉड, म्हणजे पाण्यात राहणारे कोळंबीच्या कुळातले ठिपक्याएवढे जीव, विकावेत असा विचार सुरुवातीला आमच्या मनातही नव्हता. घरातल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत एक मँडरिन मासा होता आणि तो गोठवलेल्या खाद्याकडे ढुंकूनही पाहत नसे. दिवसभर खडकांवरून फिरत बारीक जीव टिपणे हाच त्याचा उद्योग. त्याची भूक भागावी म्हणून आम्ही तीन बरण्यांत टिस्बे जातीचे कोपेपॉड वाढवू लागलो, जास्तीचे ओळखीच्या मत्स्यपालकांना देऊ लागलो आणि त्यातूनच आजची आमची लहानशी संस्था उभी राहिली.

पहिल्या दोन वर्षांत आम्ही एक मोठी चूक केली. ग्राहक विचारीत, "बाटलीत नग किती?" आणि आम्हीही नगांचाच हिशेब मांडत बसलो. बाटली भरलेली दिसावी म्हणून आम्ही टायग्रिओपस जातीचे कोपेपॉड देत असू. हा लालसर, जेमतेम मिलिमीटरभर लांबीचा जीव उघड्या पाण्यात सतत झटके देत पोहत असल्यामुळे ग्राहकाच्या डोळ्यांत भरतो. पण जे ग्राहकाला दिसते ते माशालाही दिसते. खडकाळ किनाऱ्यावर लाटांच्या तुषारांनी भरणारी लहान डबकी हे त्याचे मूळ घर. उन्हाने तापणारे आणि पावसाने गोडे होणारे ते पाणी तो सहन करतो, मात्र तिथे मासे नसल्यामुळे त्यांच्यापासून लपण्याची कला त्याच्या अंगी नाही. टिस्बे याच्या उलट : फिकट, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचा आणि खडकाच्या फटींत, वाळूच्या कणांत दडून राहणारा. बाटलीत तो कमी दिसतो, टाकीत मात्र तोच टिकतो.

एक ग्राहक महिनाभरात तिसऱ्यांदा आले, तेव्हा त्यांच्या माशाचे छायाचित्र पाहून आम्हांला ओशाळल्यासारखे झाले. डोक्यामागचा भाग खपाटीला गेला होता, पोट आत ओढले गेले होते. त्यांची टाकी मांडून जेमतेम सहा आठवडे झाले होते. खडक स्वच्छ, वाळू पांढरीशुभ्र, पाणी नितळ, आणि त्यात खाण्याजोगे काहीच नव्हते. आम्ही दिलेले कोपेपॉड दोन दिवसांत संपत होते आणि आम्ही तिसरी बाटली विकायला तयार बसलो होतो. ती बाटली आम्ही दिली नाही. मासा काही काळासाठी परिचिताच्या जुन्या टाकीत हलवण्यास सांगितले आणि त्यांच्या टाकीला जोडून एक रेफ्युजियम, म्हणजे मासे नसलेला वेगळा कप्पा, बांधून दिला. त्यात चीटोमॉर्फा शेवाळाचा गुंता, खडकाचे तुकडे आणि मंद प्रवाह एवढेच होते. कोपेपॉड तिथे निर्धास्त वाढतात आणि प्रवाहाबरोबर थोडेथोडे मुख्य टाकीत उतरत राहतात. तेव्हापासून टाकीत आधी जागा आणि अन्न आहे का, हे विचारल्याशिवाय आम्ही बाटली पाठवत नाही. काही ग्राहकांना हा आगाऊपणा वाटतो.

अन्नाचा विषय आमच्या आवडीचा आहे, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. आरंभी आम्ही केवळ नॅनोक्लोरोप्सिस हे सूक्ष्म शैवाल वापरत असू, कारण ते सहज वाढते. त्यात ईपीए हे मेदाम्ल भरपूर असते, परंतु डीएचए हे दुसरे मेदाम्ल जवळजवळ नसते. ती उणीव भरून काढण्यासाठी आयसोक्रायसिस हे शैवाल घेतले आणि आकाराने मोठे टेट्रासेल्मिसही जोडीला ठेवले. शैवाल ओतताना हात आखडताच हवा. पाणी फिकट हिरवे दिसले की पुरे. गडद केले तर न खाल्लेले शैवाल तळाशी कुजते, अमोनिया वाढतो आणि सर्वांत आधी पिल्ले दगावतात. कोपेपॉडचे पिल्लू आधी नॉप्लियस या डिंभरूपाच्या सहा अवस्था आणि मग कोपेपोडिड या प्रौढासारख्या दिसणाऱ्या रूपाच्या पाच अवस्था ओलांडून प्रौढ होते. जातीनुसार आणि तापमानानुसार त्याला एक ते तीन आठवडे लागतात, त्यामुळे आजच्या हलगर्जीची झळ पुढच्या पिढीत उमटते. भिंगाखाली अंड्यांची पिशवी घेतलेल्या माद्या भरपूर दिसल्या तरच आम्ही बरणीतून उपसा करतो, आणि तोही आठवड्यातून पाव हिश्श्याहून अधिक नाही.

सर्वांत मोठा फटका मात्र आम्हांला एका प्लॅस्टिकच्या मगामुळे बसला. संध्याकाळी हिरवे असलेले पाणी सकाळी लख्ख नितळ झाले. भिंगाखाली पाहिले तर कोपेपॉडच्या मध्ये गिरक्या घेणारे रोटिफर नावाचे दुसरेच सूक्ष्म जीव! ते नराशिवायही वाढतात आणि पाहता पाहता सगळे शैवाल फस्त करतात. आकार मिळताजुळता असल्याने चाळणीचाही उपयोग होईना. रोटिफर असलेली खोली आणि कोपेपॉडची खोली, दोन्हींत एकच मग फिरत होता, एवढेच कारण. रोटिफरची विश्राम-अंडी कोरडेपणाही सोसतात, म्हणून नुसते वाळवून भागले नाही. सारी भांडी ब्लीचने धुऊन, दुसऱ्या घरी ठेवलेल्या एका राखीव बरणीपासून आम्ही पुन्हा सुरुवात केली. आज प्रत्येक खोलीतल्या मगाच्या मुठीला वेगळा रंग आहे.

बाटलीबरोबर आम्ही एक कागद पाठवतो : बाटलीचे पाणी टाकीच्या तापमानाला येऊ द्यावे, दिवे मालवल्यावर आणि पंप थांबवून कोपेपॉड खडकांच्या बुडाशी सोडावेत, अतिनील दिवा आणि स्किमर (फेसाबरोबर पाण्यातली घाण काढणारे यंत्र) काही तास बंद ठेवावेत आणि तांब्याचे औषध त्या टाकीत कधीही घालू नये. महिन्याभराने रात्री विजेरीचा झोत काचेवर टाकावा. पांढरे ठिपके सरकताना दिसले तर वस्ती बसली.

आमच्या धंद्याची गंमत अशी की, वस्ती नीट बसली की ग्राहक पुन्हा बाटली मागत नाही. छायाचित्र पाठवणारे ते गृहस्थ आता आमच्याकडून फक्त जिवंत शैवाल नेतात, आणि आमच्या उत्पन्नाचा मोठा भाग आज त्या हिरव्या बाटल्यांतूनच येतो.