थेंब घातलेल्या डोळ्यांनी घरी येताना

मार्च महिन्यात अण्णा, म्हणजे माझे वडील, मोतीबिंदूच्या तपासणीसाठी एकटेच साताऱ्याला गेले आणि परतल्यावर वाईच्या स्टँडवर एसटीतून उतरताना पडले. ऑपरेशन अजून व्हायचे होते, त्या दिवशी केवळ तपासणी होती, आणि तपासणीला सोबत कशाला, असे आम्हा सर्वांनाच वाटले होते. दवाखान्यातून वेळ कळवणारा फोन आला तेव्हा फी किती आणि कितव्या मजल्यावर यायचे हे सांगण्यात आले, परंतु डोळ्यांत थेंब घालणार आहेत, बरोबर कोणीतरी असू द्या, एवढे एक वाक्य कोणी सांगितले नाही. मीही ते विचारले नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

अण्णांचे वय ७६ आहे. ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना २०२२ पासून एसटीचा प्रवास मोफत आहे आणि त्या वयात आल्यापासून ते सातारा, फलटण, पुणे कुठेही एकटे जाऊन येतात, त्यामुळे त्यांच्या प्रवासाची काळजी आम्ही सोडून दिली होती. त्या दिवशी मात्र दुपारच्या उन्हात ते बसच्या दारात उभे राहिले, डाव्या हाताने दांडा धरला, उजवा पाय खाली सोडला आणि शेवटची पायरी जिथे वाटली तिथे ती नव्हती. गुडघा सोलवटला, मनगट आठवडाभर सुजले. हाड मोडले नाही, हे नशीब.

असे का होते, ते मला नंतर नीट कळले. डोळ्याच्या आतली तपासणी करण्यासाठी, म्हणजे मोतीबिंदू कितपत घट्ट झाला आहे आणि मागचा पडदा निरोगी आहे ना हे पाहण्यासाठी, थेंब घालून बाहुली मोठी करावी लागते. त्याला साधारण वीस ते तीस मिनिटे लागतात आणि मधुमेह असलेल्यांना अनेकदा त्याहून जास्त वेळ आणि पुन्हा पुन्हा थेंब लागतात. एरवी ऊन दिसताच बाहुली आपोआप लहान होते, परंतु या थेंबांमुळे ती चार ते सहा तास, काहींची दुसऱ्या दिवसापर्यंतही, मोठीच राहते. त्यात मोतीबिंदूमुळे धुरकट झालेले भिंग आत येणारा प्रकाश विखरून टाकते. अशा माणसाला भर दुपारी रस्त्यावर आणले की समोर नुसता पांढरा झोत दिसतो, आणि पायरीची कड, खड्डा, फुटपाथचा दगड हे सगळे त्यात विरघळून जाते.

दुसरी गोष्ट अशी की एवढे करूनही ती तपासणी पूर्ण झालीच नव्हती. आपण कोणत्या गोळ्या घेतो हे अण्णांना सांगता आले नाही. ‘एक पांढरी, एक पिवळी, आणि रात्रीची कॅप्सूल,’ एवढेच त्यांनी सांगितले, आणि त्यांना गोळ्या घेऊन पुन्हा बोलावण्यात आले.

एप्रिलमध्ये मी रजा काढून गेलो. आदल्या रात्री मी आणि आईने अण्णांच्या गोळ्यांच्या सगळ्या पट्ट्या एका पिशवीत भरल्या. यादी करण्यापेक्षा पट्ट्याच नेणे बरे, कारण यादीत नाव चुकते, पट्टीवरचे चुकत नाही. त्या पिशवीतली रात्रीची कॅप्सूल डॉक्टरांनी उचलली, उजेडात धरून वाचली आणि ती किती वर्षांपासून चालू आहे असे विचारले. ती लघवीच्या त्रासासाठीची, प्रोस्टेटची टॅमसुलोसिन होती. या औषधामुळे बाहुलीभोवतालचा पडदा ऑपरेशनच्या वेळी सैल पडतो, लहरतो आणि बाहुली मध्येच आकसते, हे २००५ मध्ये प्रथम नोंदवले गेले. ऐन वेळी गोळी बंद करून भागत नाही, कारण परिणाम बंद केल्यावरही टिकून राहू शकतो. परंतु आधी माहीत असेल तर शल्यचिकित्सक वेगळी तयारी ठेवून हे ऑपरेशन करू शकतात. प्रोस्टेटच्या गोळीचा डोळ्याशी संबंध असेल हे आमच्या घरात कोणाला सुचणार होते? ज्यांच्या घरी प्रोस्टेटचा त्रास असलेले वडील, काका किंवा सासरे आहेत, त्यांनी ही एक गोष्ट डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता आपणहून सांगावी, ही माझी कळकळीची विनंती आहे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तीही सांगावी, आणि ती आपल्या मनाने बंद मात्र करू नये.

अण्णा उपाशीपोटी निघाले होते, तेही मी थांबवले. दवाखान्याने तसे सांगितले नसेल तर मधुमेही माणसाने तपासणीच्या दिवशी नेहमीप्रमाणे खाऊन आणि गोळी घेऊनच जावे. थेंबांची वाट पाहण्यात दोन-तीन तास सहज जातात आणि तेवढ्यात साखर उतरली तर वेगळेच संकट उभे राहते.

थेंबांच्या आधी मोजणी झाली. आत बसवायच्या लेन्सचा नंबर काढण्यासाठी डोळ्याची लांबी आणि पुढच्या पारदर्शक भागाची गोलाई मोजतात. आपला डोळा पुढून मागे सुमारे २३ ते २४ मिलिमीटर असतो आणि त्या मापात एका मिलिमीटरची चूक झाली तर चष्म्याचा नंबर साधारण अडीच ते तीनने चुकतो. म्हणूनच जे कॉन्टॅक्ट लेन्स वापरतात त्यांना ती या मोजणीच्या बऱ्याच दिवस आधी काढून ठेवायला सांगतात. अण्णांना यंत्रातल्या खुणेकडे स्थिर पाहायचे होते आणि त्यांची हनुवटी सारखी खाली सरकत होती. सिस्टरनी त्यांच्या डोक्यामागे हात धरून, ‘आजोबा, अजून एकदाच,’ असे म्हणत पाच वेळा मोजले, एकदाही आवाज चढवला नाही.

मोतीबिंदू पिकेपर्यंत थांबायचे का, हा आईचा प्रश्न होता. पूर्वी तसे सांगत, परंतु आजच्या बिनटाक्याच्या पद्धतीत फार पिकलेला, कठीण झालेला मोतीबिंदू काढणे उलट अवघड जाते, असे डॉक्टरांनी समजावून सांगितले. अण्णांना पोथी वाचायला चष्मा लागणार का, हेच महत्त्वाचे वाटत होते. एकाच अंतराची लेन्स बसवली तर लांबचे स्वच्छ दिसेल आणि वाचायला चष्मा लागेल, हे ऐकून त्यांनी तीच पसंत केली.

परतीचा प्रवास आम्ही या वेळी विचारपूर्वक केला. टोपी आणि काळा चष्मा सोबत होता. दुपारनंतर साताऱ्याहून वाईकडे येताना ऊन डाव्या बाजूने येते, म्हणून आम्ही ड्रायव्हरच्या बाजूची सीट धरली. पाचवड मागे पडेपर्यंत अण्णा डोळे मिटून बसले. वाईला उतरताना सगळे प्रवासी उतरू दिले, मी आधी खाली उतरलो, वळून त्यांच्याकडे तोंड करून उभा राहिलो आणि प्रत्येक पायरी तोंडाने सांगितली. त्यांचा पाय हवेत चाचपडत होता. टाच जमिनीला लागली तेव्हाच त्यांनी माझ्या खांद्यावरचा हात सैल केला.

मे महिन्यात उजव्या डोळ्याचे ऑपरेशन झाले आणि संध्याकाळपर्यंत आम्ही घरी आलो. त्या दिवशी एसटीची गर्दी आणि धूळ टाळून शेजाऱ्यांची गाडी घेतली. निघण्याआधी मी रात्री लागणारा फोन नंबर लिहून घेतला. दुखणे वाढत गेले, लाली वाढली किंवा दिसणे कमी झाले तर सकाळची वाट न पाहता कळवायचे होते. पुढे काही आठवडे थेंब चालू राहिले. आई खालची पापणी हलकेच ओढून, बाटलीचे टोक डोळ्याला न लावता थेंब सोडायची आणि दुसऱ्या औषधापूर्वी घड्याळात पाच मिनिटे मोजायची. अंघोळ गळ्याखालून, झोपताना डोळ्यावर प्लॅस्टिकचे कवच, आणि डोळा चोळायचा नाही, हे अण्णांनी निमूट पाळले.

डाव्या डोळ्याची थेंब घालून तपासणी पुढच्या मंगळवारी आहे. मी रजेचा अर्ज दिला आहे, आणि अण्णांनी टोपी व काळा चष्मा गोळ्यांच्या पिशवीतच ठेवून ती दाराजवळच्या खुंटीला अडकवली आहे.